नागपूरहून विमानाने जाताना: दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढावा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील झिरो माइलच्या दगडावर आजूबाजूच्या गावांची अंतरे मैलांमध्ये कोरलेली आहेत. त्यात जबलपूर १७० मैल आणि हैदराबाद ३१८ मैल आहे. ३१८ मैलांचे किलोमीटर केले तर ते ५१२ भरतात. मात्र सोनेगाव येथील नागपूर विमानतळापासून हैदराबादच्या शमशाबाद येथील विमानतळापर्यंतचे हवाई अंतर काढले, तर ते ४३५ किलोमीटरच्या आसपास येते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला आकडा जमिनीवरून, वळणे घेत जाणाऱ्या वाटेचा आहे आणि दुसरा आकाशातून सरळ मोजलेला आहे. विमानप्रवासाची आखणी करताना पहिल्यांदा प्रवास करणाऱ्यांचा गोंधळ होतो तो नेमका अशाच, वेगवेगळ्या गोष्टी सांगणाऱ्या पण सारख्याच दिसणाऱ्या आकड्यांमुळे.

हवाई अंतर, विमान प्रत्यक्ष हवेत असण्याचा वेळ, वेळापत्रकात छापलेला वेळ आणि घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा वेळ हे चार स्वतंत्र आकडे आहेत. काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका मुलाखतीसाठी जाताना एका ठिकाणी वाचलेल्या ‘उड्डाणाचा वेळ ५० मिनिटे’ या ओळीवर विसंबून मी पुढचा सगळा दिवस आखला होता. विमान सुटण्यापूर्वी जागेवरून हलून धावपट्टीपर्यंत जाण्यात, उतरल्यानंतर दार उघडण्यात आणि पट्ट्यावर बॅग येण्यात गेलेला वेळ त्या ओळीत धरलेला नव्हता आणि ती मुलाखत हुकली. तेव्हापासून मी हे गणित स्वतः करतो, आणि नव्याने विमानाने जाणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी करून पाहावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढेच पुरते.

पहिली पायरी: कोणते दोन विमानतळ, हे नक्की करा

शहराचे नाव पुरेसे नसते. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी संकेत असतो आणि तिकिटावर तोच छापलेला असतो. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा संकेत एनएजी, पुण्याचा पीएनक्यू आणि दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळाचा डीईएल असा आहे. एकाच शहरासाठी दोन विमानतळ असतील तेव्हा हा संकेत फार महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम आहे, तर डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाचा एनएमआय आहे. नागपूरपासून पहिला सुमारे ६८३ आणि दुसरा सुमारे ६६७ किलोमीटरवर असल्यामुळे हवेतल्या वेळात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, पण उतरल्यानंतर बोरिवलीला जायचे आहे की पनवेलला, यावर मोठा फरक पडतो. गोव्याचेही तसेच आहे. दाबोळीचा संकेत जीओआय आणि मोपाचा जीओएक्स असून या दोन विमानतळांमध्येच सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरचे अंतर आहे. तिकीट काढण्यापूर्वी ही तीन अक्षरे कागदावर लिहून घ्यावीत आणि पुढचे सगळे गणित त्यांच्याच आधारे करावे.

दुसरी पायरी: अक्षांश आणि रेखांश

गुगल मॅप्सवर धावपट्टीवर बोट दाबून धरले की त्या जागेचे अक्षांश-रेखांश दिसतात. नागपूर विमानतळ साधारण २१.०९ उत्तर अक्षांश आणि ७९.०५ पूर्व रेखांशावर आहे, तर पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ उत्तर आणि ७३.९२ पूर्व येथे आहे. येथे एक चूक हमखास होते, म्हणून ती सविस्तर सांगतो. काही ठिकाणी हेच आकडे अंश, मिनिटे आणि सेकंद या स्वरूपात दिलेले असतात. पुण्याचा अक्षांश त्या पद्धतीने १८ अंश ३५ मिनिटे असा लिहिला जातो आणि नवशिका माणूस तो सरळ १८.३५ असा कॅल्क्युलेटरमध्ये टाकतो. एका अंशात ६० मिनिटे असतात, त्यामुळे ३५ ला ६० ने भागून ०.५८ मिळवावे लागतात आणि खरा आकडा १८.५८ होतो. ०.२३ अंशाची ही चूक दिसायला किरकोळ वाटली तरी जमिनीवर ती जवळजवळ २६ किलोमीटर भरते, म्हणजे लोहगावऐवजी पार भोरच्या दिशेने कुठेतरी उतरल्यासारखे होते.

तिसरी पायरी: अंतर काढणे

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. पृथ्वीवर कुठेही गेले तरी हे माप जवळपास सारखेच राहते. रेखांशाचे तसे नाही. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाचे अंतर विषुववृत्तावर १११ किलोमीटर असले तरी उत्तरेकडे ते कमी होत जाते. किती कमी होते, हे त्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे कॅल्क्युलेटरवरच्या ‘cos’ या बटणाने मिळणाऱ्या त्रिकोणमितीतील गुणोत्तराने समजते. नागपूर आणि पुणे यांच्या मधोमधचा अक्षांश साधारण २० अंश आहे, २० अंशांचा कोसाइन ०.९४ आहे, म्हणून या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.३ किलोमीटरचा होतो.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. अक्षांशांतील फरक २१.०९ वजा १८.५८, म्हणजे २.५१ अंश. त्याला १११ ने गुणले की दक्षिणोत्तर अंतर २७९ किलोमीटर मिळते. रेखांशांतील फरक ७९.०५ वजा ७३.९२, म्हणजे ५.१३ अंश. त्याला १०४.३ ने गुणले की पूर्व-पश्चिम अंतर ५३५ किलोमीटर मिळते. या दोन बाजू काटकोनात आहेत, त्यामुळे शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय येथे कामाला येते. २७९ चा वर्ग ७७,८४१ आणि ५३५ चा वर्ग २,८६,२२५ होतो, दोन्हींची बेरीज ३,६४,०६६ होते आणि तिचे वर्गमूळ सुमारे ६०३ येते. काटेकोर सूत्राने हे अंतर ६०५ किलोमीटरच्या आसपास येते. हाताने केलेल्या गणितात दोन किलोमीटरचा फरक पडणे पूर्णपणे मान्य करण्याजोगे आहे.

याच अंतराशी रेल्वेचे अंतर ताडून पाहिले तर हवाई अंतराचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी ते पुणे वंदे भारत एक्स्प्रेस वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, अहिल्यानगर, दौंड अशा वाटेने ८८१ किलोमीटर धावते आणि त्यासाठी तिला सुमारे १२ तास लागतात. आकाशातील सरळ रेषा त्यापेक्षा २७६ किलोमीटरने कमी आहे, कारण गाडी आधी पश्चिमेला खानदेशात जाते आणि मग दक्षिणेला वळते.

वरील सोपी पद्धत भारतातील कोणत्याही दोन विमानतळांसाठी पुरेशी आहे. दूरच्या परदेशी विमानतळांसाठी मात्र ती वापरू नये. नागपूर ते लंडनच्या हीथ्रोपर्यंतचे अंतर या पद्धतीने काढले तर ते सुमारे ७,८७० किलोमीटर येते, आणि खरे सर्वांत कमी अंतर सुमारे ७,४७० किलोमीटर आहे. ४०० किलोमीटरची ही तफावत पृथ्वीच्या गोलाईमुळे पडते. गोलावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून जातो आणि सपाट नकाशावर तो उत्तरेकडे झुकलेल्या कमानीसारखा दिसतो. अशा वेळी पुढील सूत्र वापरावे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार घ्यावा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार त्यात मिळवावा. आलेल्या बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचे ‘cos⁻¹’ हे बटण) अंशांमध्ये काढून त्याला १११.२ ने गुणावे. मोबाइल आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये साइन आणि कोसाइनची बटणे दिसू लागतात. मोड मात्र अंशांचाच ठेवावा, रेडियनचा नाही.

एकके पाहून घेणेही तितकेच गरजेचे आहे. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक सागरी मैलांत बोलतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तर रस्त्यावरचा साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. नागपूर-पुणे हेच अंतर सागरी मैलांत ३२७ आणि साध्या मैलांत ३७६ असे लिहिले जाईल, आणि नुसते ‘मैल’ म्हटले असेल तर वाचणारा फसतो. सागरी मैलाचा एक फायदाही आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, त्यामुळे सरळ उत्तरेला किंवा दक्षिणेला जाणाऱ्या मार्गाचे अंतर तोंडी काढता येते. नागपूर आणि दिल्ली यांच्या अक्षांशांत सुमारे साडेसात अंशांचा फरक आहे. साडेसात गुणिले ६० म्हणजे ४५० सागरी मैल, अर्थात सुमारे ८३३ किलोमीटर, आणि प्रत्यक्ष हवाई अंतर ८५४ किलोमीटर आहे.

नागपूरकरांनी एकदा तरी चार महानगरांची अंतरे शेजारी शेजारी लिहून पाहावीत. मुंबई ६८३, दिल्ली ८५४, चेन्नई सुमारे ९०८ आणि कोलकाता सुमारे ९८५ किलोमीटर. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेचा सगळा आधार याच आकड्यांवर होता. या चारही शहरांतून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत पोहोचे. त्या काळच्या डाकोटा विमानांचा वेग आजच्या जेटच्या निम्म्याहूनही कमी होता, तरीही एका रात्रीत ये-जा होऊ शकली, कारण नागपूरहून यांपैकी एकही शहर हजार किलोमीटरपेक्षा दूर नाही.

चौथी पायरी: अंतरावरून वेळ

देशांतर्गत मार्गांवरील एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमाने उंचीवर स्थिरावल्यानंतर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडतात. म्हणून अनेकजण अंतराला ८३० ने भागून मोकळे होतात आणि येथेच चुकतात, कारण विमान हा वेग सर्व वाटेवर ठेवू शकत नाही. दहा हजार फुटांच्या खाली वेगाची मर्यादा साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर असते. ३५ हजार फुटांपर्यंत चढायला सुमारे वीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्या उंचीवरून उतरण्याची सुरुवात मुक्कामाच्या जवळपास २०० किलोमीटर आधीच करावी लागते. नागपूर-हैदराबाद मार्गावर ४३५ किलोमीटरपैकी जवळजवळ अर्धी वाट चढण्यात आणि जवळजवळ अर्धी उतरण्यात जाते, मध्ये सरळ उडण्याला जेमतेम काही मिनिटे उरतात. अशा मार्गावर अंतर कमी असूनही वेळ त्या प्रमाणात कमी का होत नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

माझा नियम साधा आहे. अंतराला ८०० ने भागून आलेल्या तासांची मिनिटे करावीत आणि त्यात ३० मिनिटे मिळवावीत. पुण्यासाठी ४५ आणि ३० मिळून १ तास १५ मिनिटे, मुंबईसाठी ५१ आणि ३० मिळून १ तास २१ मिनिटे, दिल्लीसाठी ६४ आणि ३० मिळून १ तास ३४ मिनिटे होतात. मुक्कामाचे विमानतळ मुंबई किंवा दिल्लीसारखे गर्दीचे असेल, तर आणखी १० ते १५ मिनिटे धरावीत. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानांना हवेत घिरट्या घालत थांबावे लागते. विमान पंख्यांचे, म्हणजे एटीआर जातीचे असेल, तर ८०० ऐवजी ४८० ने भागावे. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो अवश्य पाहावा.

वाऱ्याचा विचार केल्याशिवाय हे गणित पूर्ण होत नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, आणि पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात, तर पश्चिमेला जाणाऱ्याला समोरून अडवतात. ढोबळ हिशेबासाठी वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर धरू. मग नागपूरहून कोलकात्याला जाताना जमिनीच्या मानाने विमानाचा वेग ९३० होईल आणि परत येताना ७३० उरेल. ९८५ किलोमीटरसाठी जाताना सुमारे ६४ आणि येताना सुमारे ८१ मिनिटे लागतील. एकाच वाटेवर जाण्या-येण्यात सतरा मिनिटांचा फरक पडतो तो यामुळे, यात वैमानिकाची घाई किंवा दिरंगाई नसते.

याशिवाय विमान क्वचितच अगदी सरळ रेषेत जाते. ते ठरवून दिलेल्या हवाई मार्गांवरून उडते, पावसाळ्यात उंच वाढलेल्या ढगांना वळसा घालते आणि काही वेळा एखाद्या देशाचे आकाश बंद असल्यामुळे लांबून जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केल्यावर दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या उड्डाणांचा वेळ वाढला, तो याच कारणाने. दिल्लीहून पुढे परदेशी जाणाऱ्यांनी जुन्या प्रवासाच्या आठवणीवर विसंबू नये.

पाचवी पायरी: वेळापत्रक वाचणे

वेळापत्रकातील सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे ते मुक्कामाच्या जागी उभे राहण्याची वेळ. या दोहोंमधील काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. वैमानिक माइकवरून ‘उड्डाणाचा वेळ एक तास’ असे सांगतो तेव्हा तो सहसा फक्त हवेतला वेळ सांगत असतो, म्हणून त्याचा आकडा तिकिटापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांनी कमी असतो. घरच्यांना फोनवर सांगताना तिकिटावरचा आकडा सांगावा.

देशात सर्वत्र एकच प्रमाणवेळ असल्यामुळे तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी थेट करता येते. परदेशी मार्गावर तसे चालत नाही, कारण प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. नागपूर ते शारजा हे अंतर सुमारे २,४५० किलोमीटर आहे, वरील नियमाने त्याला साडेतीन तासांपेक्षा थोडे अधिक लागतात. शारजाचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. समजा विमान नागपूरहून पहाटे साडेचारला निघाले, तर ते आपल्या वेळेनुसार आठ वाजून पाच मिनिटांनी आणि तिथल्या वेळेनुसार सहा वाजून पस्तीस मिनिटांनी पोहोचेल. कागदावर वजाबाकी केली तर दोन तास पाच मिनिटेच दिसतील. परतीच्या तिकिटावर याच्या उलट होते, दीड तास वाढलेला दिसतो आणि बरेचदा तारीखही बदलते. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्या नातेवाइकांना आणायला एक दिवस आधी किंवा नंतर जाणे टाळायचे असेल, तर तारखेपुढचा ‘अधिक एक दिवस’ हा बारीक उल्लेख नीट वाचावा.

सहावी पायरी: घरापासून मुक्कामापर्यंत

हा आकडा कोणतेही संकेतस्थळ सांगत नाही, म्हणून तो स्वतःच मांडावा लागतो. नागपुरातल्या मानेवाड्याहून मुंबईतल्या दादरला जायचे आहे असे समजू. वर्धा मार्गावरच्या गर्दीसह सोनेगावपर्यंत ४० मिनिटे धरावीत. मेट्रोने जायचे असेल तर नारिंगी मार्गिकेवरचे एअरपोर्ट स्थानक वर्धा मार्गावर आहे, टर्मिनल तेथून पुढे आत असल्यामुळे सामान घेऊन तेवढी वाट कशी पार करायची ते आधी ठरवावे. देशांतर्गत उड्डाणासाठी बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होतात आणि बोर्डिंगचे दार सुमारे २५ मिनिटे आधी, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन तास हाताशी ठेवावेत. तिकिटावरचा वेळ १ तास ३५ मिनिटे, बॅग मिळेपर्यंत अर्धा तास आणि विमानतळापासून दादरपर्यंत पाऊण ते एक तास. सगळे मिळून साडेपाच ते पावणेसहा तास होतात, त्यातला हवेत घालवलेला काळ सव्वा तासाच्या आतबाहेर असतो. जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाशी किंवा मुंबईपर्यंतच्या ८३७ किलोमीटरच्या लोहमार्गाशी तुलना करायची असेल, तर ती या पावणेसहा तासांशी करावी.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी दिल्लीला जाणाऱ्यांनी धुक्यासाठी किमान दोन-तीन तास मोकळे ठेवावेत, आणि त्याच दिवशी पुढचे विमान पकडायचे असेल तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्यावीत. वेगवेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसरी कंपनी सहसा वाट पाहत नाही आणि पैसेही परत देत नाही. एकाच विमानतळावरचे टर्मिनलही तपासावे. मुंबईत टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारच्या बाजूला आहे, एकातून दुसऱ्यात बाहेरच्या रस्त्याने जावे लागते, आणि संध्याकाळी त्या रस्त्यावर अर्धा तास सहज जातो. घ्यायला येणाऱ्या माणसाला विमानाचा क्रमांक, टर्मिनल आणि तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेनंतरची अर्ध्या तासाची वेळ, या तीन गोष्टी निघण्यापूर्वीच लिहून पाठवाव्यात.